पादांक दोनदा आला की बेरीज: ही सवय अंगवळणी कशी पाडायची?

रामबागवाली
नमस्कार मंडळी. मी इंदुरातच स्ट्रक्चरल इंजिनिअरिंगमध्ये एम.टेक. करतेय, पहिलं वर्ष. या सत्रात कंटिन्युअम मेकॅनिक्स (सलग पदार्थांचं यांत्रिकी) आहे आणि पहिल्या तासापासून सगळं इंडेक्स नोटेशनमध्ये. बी.ई.ची चार वर्षं मी बाणवाले व्हेक्टर केले, डॉट केला, क्रॉस केला, निश्चयक मांडून काढला. कुठे अडले नाही. इथे मात्र फळ्यावर प्रत्येक अक्षराच्या पायाशी बारीक अक्षरं आली आणि सांगितलं गेलं, एकच अक्षर दोनदा दिसलं की एक ते तीन बेरीज करायची, बेरजेचं चिन्ह सिग्मा लिहायचं नाही. एवढ्या एका वाक्यावर पुढचे सगळे तास उभे आहेत.

परवा चाचणीत दोन व्हेक्टरांच्या डॉट प्रॉडक्टचा वर्ग लिहायचा होता. मी लिहिलं:

अ[क] ब[क] अ[क] ब[क]

त्यावर लाल काट आणि शून्य. का चुकलं ते विचारायला गेले, तर पुस्तकात बघा असं उत्तर मिळालं. पुस्तकात नियम आहे, कारण नाही.

(इथे पादांक खाली उतरत नाहीत म्हणून चौकटी कंसात लिहितेय. क, ख, ग, घ, च हे पादांक. प्रत्येक १, २, ३ असा फिरतो.)

ज्यांनी हे रोज वापरलंय ते वाचतात कसं? मनात सिग्मा लिहिता का? आणि हे शिकायलाच हवं का, की मॅट्रिक्सवर भागेल?

जिरावन_जास्त
पोह्यांच्या ठेल्यावर उभा राहून वाचलं. मी हे कोडमध्ये रोज वापरतो. रात्री सविस्तर लिहितो, तोवर धागा जिवंत ठेवा भिया लोकहो.

वही_जुनी
रामबागवाली, तुझी चूक माझ्या प्रत्येक तुकडीत निम्म्या मुलांनी केली आहे. भौतिकशास्त्र शिकवण्यात माझी एकतीस वर्षं गेली, त्यातली वीस तरी या पादांकांबरोबर. तेव्हा मनाला लावून घेऊ नकोस, पण कारण नीट समजून घे.

आधी दोनच मिती घे. डॉट प्रॉडक्ट म्हणजे अ१ब१ + अ२ब२. त्याचा वर्ग केलास की चार पदं येतात, त्यातली दोन मिश्र: अ१ब१अ२ब२, दोनदा. आता तू लिहिलेलं वाच. क ला १ ठेव: अ१ब१अ१ब१. क ला २ ठेव: अ२ब२अ२ब२. बेरीज कर. मिश्र पदं कुठे गेली? तुझ्या लिखाणात ती उमटायला जागाच नाही, कारण चारही जागी एकच अक्षर आहे आणि ते एका वेळी एकच आकडा घेतं. वर्गात दोन बेरजा आहेत, एकमेकींपासून स्वतंत्र. म्हणून त्यांना दोन अक्षरं लागतात:

अ[क] ब[क] अ[ख] ब[ख]

तीन मितींत याची नऊ पदं होतात. एकदा हाताने मांडून बघ, ती सगळी वर्गात सापडतील.

आता नियम त्याच्या कारणासकट. एका पदात कुठलंही अक्षर जास्तीत जास्त दोनदा येऊ शकतं. तीनदा किंवा चारदा आलं, तर कोण कोणाच्या जोडीला हे सांगता येत नाही. जे अक्षर जोडीत आहे त्याचं नाव बदललं तरी काही बिघडत नाही. अ[क]ब[क] आणि अ[घ]ब[घ] एकच. आम्ही वर्गात त्याला डमी म्हणायचो. जे अक्षर एकटं उरतं ते फ्री. समीकरणाच्या प्रत्येक पदात, डावीकडे आणि उजवीकडे, तीच फ्री अक्षरं असली पाहिजेत. एक फ्री अक्षर म्हणजे तीन समीकरणं, दोन म्हणजे नऊ.

कागद तपासताना मी उत्तर नंतर बघायचो, आधी फ्री अक्षरं मोजायचो. डावीकडे एक आणि उजवीकडे दोन निघाली, तर पुढचं वाचायची गरज नसे.

हादगा_मंगळागौर
सर, मला हे फुगडीसारखं दिसतं. दोघी हात धरून फिरतात ती डमी जोडी. कोणाची नावं काय याने फुगडीत फरक पडत नाही. तिसरी मधे आली तर हात कोणी कोणाचा धरायचा? आणि जिचा हात मोकळा आहे ती फ्री, तिचा हात धरायला अजून कोणीतरी येऊ शकतं.

वही_जुनी
हादगा, ही उपमा मला तीस वर्षांपूर्वी मिळायला हवी होती. मोकळ्या हाताचं तर फारच नेमकं आहे. त[कख] न[ख] लिहिलं की ख ची फुगडी झाली आणि क चा हात मोकळा उरला, म्हणजे उत्तर व्हेक्टर आलं.

तिलकनगर_साइट
मी थोडं उलट बोलतो. बावीस वर्षं इमारतींचं डिझाइन करतोय. या काळात एकदाही पायाशी अक्षरं लिहून गणित केलेलं नाही. स्ट्रेसचे (पदार्थाच्या आतल्या ताणाचे) नऊ घटक, त्यात सममितीमुळे सहाच वेगळे. ते एका उभ्या रांगेत लिहायचे, स्ट्रेनचे (त्याने होणाऱ्या विकृतीचे) सहा दुसऱ्या रांगेत, मधे सहा बाय सहाची मॅट्रिक्स. फायनाइट एलिमेंटची सगळी सॉफ्टवेअरं आतून हेच करतात.

बाणांचा व्हेक्टर डोळ्यांना दिसतो. तुळईवर बल कुठून येतंय हे चित्रात कळतं. पादांकांत चित्र हरवतं आणि मुलं अक्षरांची अदलाबदल करत बसतात. परीक्षेपुरतं शीक, पण मन मॅट्रिक्समध्ये ठेव, हा माझा मनापासूनचा सल्ला.

कान्हकाठ
तिलकनगर काका, एका मुद्द्यावर अडखळलो. त्या सहाच्या रांगेत शिअर स्ट्रेन (कोन बदलणारी विकृती) कुठला लिहिता? टेन्सरचा (दोन पादांकांनी लिहिलेल्या नऊ घटकांच्या राशीचा) घटक की इंजिनिअरिंगचा गॅमा?

तिलकनगर_साइट
गॅमा. सगळेच गॅमा लिहितात.

कान्हकाठ
तिथेच मेख आहे. गॅमा म्हणजे टेन्सरच्या घटकाची दुप्पट. स्ट्रेसच्या रांगेत शिअर एकपट, स्ट्रेनच्या रांगेत दुप्पट. म्हणून अक्ष फिरवायचे झाले की स्ट्रेसच्या रांगेला एक रूपांतर मॅट्रिक्स लागते आणि स्ट्रेनच्या रांगेला दुसरी. ती सहा आकड्यांची रांग व्हेक्टरसारखी दिसते, पण व्हेक्टरसारखी फिरत नाही. पादांकांत दोन्हींना एकच नियम:

त'[कख] = र[कग] र[खघ] त[गघ]

इथे र म्हणजे अक्ष फिरवण्याची मॅट्रिक्स, त म्हणजे टेन्सर आणि त' म्हणजे अक्ष फिरवल्यावरचा तोच टेन्सर. प्रत्येक फ्री पादांकामागे एक र. स्ट्रेस असो, स्ट्रेन असो, जडत्वाचा टेन्सर असो, नियम बदलत नाही.

तिलकनगर_साइट
दोनचा तो गुणक मला एकदा भोवला आहे, हे कबूल करतो. तिरक्या थरांच्या लॅमिनेटचं काम होतं. थर ४५ अंशांवर होते आणि स्ट्रेनच्या रांगेला मी स्ट्रेसचीच रूपांतर मॅट्रिक्स लावली होती. उत्तर दिसायला अगदी ठीक होतं. हाताने ताळा केला तेव्हा शिअर जुळेना, आणि चूक सापडायला चार दिवस गेले. तरी माझा मूळ मुद्दा सोडत नाही: चित्र आधी.

वही_जुनी
चित्र आधी, हे मलाही मान्य आहे. पण स्ट्रेसचं चित्र बाणांनी काढता येतं का, हा प्रश्न आहे. एका बिंदूतून तुम्ही कुठल्या दिशेने काप घेता त्यावर तिथलं बल अवलंबून. कापाला काटकोनातली दिशा 'न', त्या कापावरचं दर क्षेत्रफळामागचं बल 'ट', आणि स्ट्रेस 'त':

ट[क] = त[कख] न[ख]

कोशीने १८२२ च्या सुमारास दाखवलेली गोष्ट हीच. त ला दोन पाय आहेत कारण त्याला दोन दिशा माहीत असाव्या लागतात, कापाची आणि बलाची. एका बाणात दोन दिशा मावत नाहीत. रामबागवाली, काही पुस्तकं पहिला पादांक कापाचा धरतात, काही बलाचा. त सममित असल्याने उत्तर तेच येतं, पण वाचताना गोंधळ होतो. पुस्तक हातात घेतलं की आधी ते पान शोध.

कान्हकाठ
सिग्मा गाळण्याची गोष्ट आली आहे तर थोडा इतिहास. मी एम.एस्सी.ला आहे, जनरल रिलेटिव्हिटीवर छोटा प्रकल्प करतोय. टेन्सरचं गणित आइन्स्टाइनच्या आधीच तयार होतं. रिची आणि त्याचा विद्यार्थी लेव्ही-चिविता यांचा मोठा लेख १९०० च्या सुमारास आला. आइन्स्टाइनने १९१३ मध्ये ग्रॉसमानबरोबर लिहिलेल्या निबंधात सिग्मा सगळीकडे आहेत. १९१६ च्या मोठ्या लेखात त्याने सांगून टाकलं, की पदात खूण दोनदा आली की बेरीज धरायचीच, तसं नसेल तर वेगळं सांगेन. मित्राला तो गमतीने म्हणाला होता की आपण गणितात मोठा शोध लावला, बेरजेचं चिन्ह गाळलं.

गंमत बाजूला ठेवली तरी त्यामागे खरं निरीक्षण आहे. त्याच्या लक्षात आलं की बेरीज नेमकी तिथेच येते जिथे खूण दोनदा आहे. चिन्ह नवीन काहीच सांगत नव्हतं.

सराफा_रात्री
या पादांकांच्या गणितात क्रोनेकर डेल्टा नावाचं चिन्ह लागतं, तो क्रोनेकर १८९१ मध्ये गेला आणि आपलं होळकर कॉलेजही १८९१ चं. विषयाशी संबंध नाही, पण इंदूरकर म्हणून सांगितल्याशिवाय राहवलं नाही.

मल्हारगंज_किराणा
मी बी.एस्सी. गणित केलं, मग लग्न झालं आणि सासरच्या किराणा दुकानात बसले. चौदा वर्षं बिलं लिहितेय. टेन्सर शिकले नाही, पण रामबागवालीचा पहिला प्रश्न वाचून हातातल्या बिलबुकाकडे बघितलं.

तूरडाळ, भाव १६०, २ किलो, ३२०.
साखर, भाव ४५, ५ किलो, २२५.
पोहे, भाव ६०, ३ किलो, १८०.
खाली रेघ, ७२५.

या बिलात अधिकचं चिन्ह एकदाही नाही. कुठलंच गिऱ्हाईक विचारत नाही की वहिनी, हे मिळवायचं का. भाव आणि वजन एका ओळीत आले की गुणायचं आणि ओळी संपल्या की मिळवायचं, हे ठरलेलं आहे. भाव[क] वजन[क]. मला तरी तुमचं अ[क]ब[क] हे बिल दिसतं.

जिरावन_जास्त
वहिनी, नमस्कार घ्या. नऊ वर्षं कोड लिहितोय आणि हे इतक्या साधेपणी कोणी सांगितलं नव्हतं.

कान्हकाठ
वहिनी, तुम्ही अजून एक दार उघडलंत. समजा उद्या तुम्ही किलोऐवजी पावकिलोवर बिल करायचं ठरवलं. डाळीचं वजन २ चं ८ होईल, चौपट. भाव १६० चा ४० होईल, चौथाई. रक्कम ३२०च. एकक लहान झालं की वजनाचा आकडा वाढतो आणि भावाचा घटतो. एककाच्या उलट जाणारे ते कॉन्ट्राव्हेरियंट, त्यांची खूण डोक्यावर लिहितात. एककाबरोबर जाणारे कोव्हेरियंट, त्यांची खूण पायाशी. एक वर, एक खाली अशी जोडी जुळली की एकक काहीही घ्या, बेरीज बदलत नाही.

म्हणूनच रिलेटिव्हिटीत बेरीज फक्त वर-खाली जोडीवर करतात. भाव[क] भाव[क] अशी बेरीज करून बघा: किलोला एक उत्तर येईल, पावकिलोला दुसरं. त्या बेरजेला अर्थच नाही.

रामबागवाली
पण आमच्या वर्गात तर सगळे पादांक खालीच असतात. मग ते चूक का?

कान्हकाठ
चूक नाही. तुमचे तिन्ही अक्ष एकमेकांना काटकोनात आणि सारख्या मापाचे असतात, आणि तुम्ही ते फक्त फिरवता. अशा अक्षांत वरचा आणि खालचा आकडा एकच येतो, म्हणून वर-खाली लिहिण्याचा खटाटोप लागत नाही. अक्ष तिरके घेतलेत किंवा गोलावर गेलात की दोन्ही वेगळे होतात, आणि वरची खूण खाली आणायला मेट्रिक (अंतर कसं मोजायचं ते सांगणारा टेन्सर) मधे घ्यावा लागतो.

वही_जुनी
बिलाचं उदाहरण मला आवडलं, पण शिक्षक म्हणून एक शंका नोंदवतो. तीन आकडे एका खाली एक लिहिले म्हणजे व्हेक्टर होत नाही. अक्ष फिरवले की व्हेक्टरचे घटक एकमेकांत मिसळतात. डाळ आणि साखर एकमेकांत मिसळत नाहीत. एकक बदलणं ही फार सोपी गोष्ट झाली.

मल्हारगंज_किराणा
सर, मिसळतात. दिवाळीत आम्ही संच बांधतो. पहिल्या संचात १ किलो डाळ आणि १ किलो साखर, भाव २०५. दुसऱ्यात १ किलो डाळ आणि २ किलो साखर, भाव २५०. आता कोणाला ५ किलो डाळ आणि ८ किलो साखर हवी असेल, तर त्याला पहिले २ संच आणि दुसरे ३ संच लागतात. सुट्या भावाने: ८०० आणि ३६०, एकूण ११६०. संचांच्या भावाने: ४१० आणि ७५०, एकूण ११६०.

संचाचा भाव काढायला सुटे भाव मिळवावे लागतात. पण संच किती लागतील ते काढायला उलटं सोडवावं लागतं, दोन समीकरणं मांडून. भाव एका रीतीने बदलतात, संख्या त्याच्या उलट रीतीने. कान्हकाठ म्हणतात ते हेच ना?

वही_जुनी
हेच. मॅट्रिक्सने एक बदलतो, तिच्या व्यस्ताने दुसरा. शंका मागे घेतो, आणि हे उदाहरण आजच वहीत उतरवून ठेवतो. इथे फिरवणं नाही, कारण डाळ आणि साखर यांच्यात काटकोन कसला? पण त्यामुळेच वर-खालीची गरज जास्त स्पष्ट दिसते.

जिरावन_जास्त
रात्र झाली, कबूल केल्याप्रमाणे लिहितो. पायथनच्या नमपाय लायब्ररीत आइनसम नावाचं फंक्शन आहे, २०११ च्या १.६ आवृत्तीपासून. त्याला पादांकांची अक्षरं स्ट्रिंगमध्ये द्यायची, जे अक्षर बाणाच्या उजवीकडे नाही त्यावर ते बेरीज करतं. इथली अक्षरं वापरून सांगायचं तर दोन मॅट्रिक्सचा गुणाकार 'कख, खग → कग' असा.

माझी ठेच ऐका. एका कामात मला फिरवण्याच्या मॅट्रिक्स लावायच्या होत्या, हजारो बिंदूंवर. मी 'कख, खग' ऐवजी 'कख, गख' लिहून बसलो. म्हणजे दुसरी मॅट्रिक्स उलटीपालटी होऊन गुणली गेली. दोन्ही मॅट्रिक्स ३ बाय ३, त्यामुळे आकार जुळले, कुठलाही एरर आला नाही, आकडे छान दिसले. वस्तू भलत्याच बाजूला वळत होती. मी पूर्ण दोन दिवस सेन्सरला दोष देत होतो. शेवटी कागदावर क, ख, ग लिहून प्रत्येक अक्षराखाली बोट ठेवत गेलो, तेव्हा फुगडीतले हात चुकलेले दिसले. आता चाचणीसाठी मुद्दाम २ बाय ३ आणि ३ बाय ४ अशा वेगळ्या आकारांच्या मॅट्रिक्स घेतो. हात चुकला की लगेच एरर येतो.

आणखी एक. तीन मॅट्रिक्स एकदम दिल्या तर आइनसम आपण होऊन सोयीचा क्रम शोधत नाही. 'कख, खग, गघ' मधल्या चारही अक्षरांवर एकदम फिरतं, म्हणजे प्रत्येक मॅट्रिक्स 'न' बाय 'न' असेल तर 'न' च्या चौथ्या घाताइतकं काम. दोन-दोन करून गुणलं तर 'न' च्या घनाची दुप्पट. त्यासाठी ऑप्टिमाइझ चालू करावं लागतं. कागदावरही तसंच असतं: लिहिताना क्रम दिसत नाही, पण हिशेब करणाऱ्याला तो ठरवावा लागतो.

सराफा_रात्री
टेन्सरला मराठीत प्रदिश म्हणतात ना? सदिश, अदिश, प्रदिश. छान बसतं. मग डमीला काय म्हणायचं?

हादगा_मंगळागौर
जोडपादांक आणि मोकळा पादांक.

वही_जुनी
जोडपादांक. घेतला.

तिलकनगर_साइट
मी मॅट्रिक्सवाला आहे, पण शिकायची इच्छा आहे. पादांकांनी एखादी गोष्ट अशी दाखवा जी बाणांनी किंवा मॅट्रिक्सने फार लांबते.

वही_जुनी
अ क्रॉस (ब क्रॉस स). बाणांनी हे सिद्ध करायचं तर अक्ष निवडा, निश्चयकात निश्चयक मांडा, अठरा पदं जुळवत बसा. पादांकांत दोनच हत्यारं लागतात.

पहिलं क्रोनेकर डेल्टा: दोन्ही पादांक सारखे असतील तर १, नाही तर ०. याचं काम अक्षर बदलणं एवढंच. डेल्टा[कख] अ[ख] = अ[क].

दुसरं लेव्ही-चिविताचा एप्सिलॉन, तीन पादांकांचा: १२३, २३१, ३१२ या चक्रात असेल तर +१, उलट चक्रात −१, कुठलेही दोन सारखे असतील तर ०. एकूण सत्तावीस घटक, त्यातले सहाच शून्य नाहीत. क्रॉस प्रॉडक्ट म्हणजे एप्सिलॉन[कखग] अ[ख] ब[ग].

दोघांना जोडणारं एकच सूत्र पाठ करा:

एप्सिलॉन[कखग] एप्सिलॉन[गघच] = डेल्टा[कघ] डेल्टा[खच] − डेल्टा[कच] डेल्टा[खघ]

आता आपलं काम:

एप्सिलॉन[कखग] अ[ख] एप्सिलॉन[गघच] ब[घ] स[च]

दोन एप्सिलॉन शेजारी आणा. हे आकडेच आहेत, त्यांचा क्रम बदलता येतो. सूत्र लावा. पहिल्या पदात घ चा क होतो आणि च चा ख: ब[क] अ[ख] स[ख]. दुसऱ्यात च चा क आणि घ चा ख: स[क] अ[ख] ब[ख]. संपलं:

ब (अ डॉट स) − स (अ डॉट ब)

दोन ओळी. यात कुठेही अक्ष निवडले नाहीत, कुठेही नऊ पदं लिहिली नाहीत. मी पहिल्यांदा हे फळ्यावर होताना पाहिलं तेव्हा एम.एस्सी.ला होतो, आणि तास संपल्यावर रिकाम्या वर्गात बसून तेच तीनदा लिहून काढलं होतं.

तिलकनगर_साइट
सर, कागदावर केलं. मधे एका ठिकाणी मी च ऐवजी पुन्हा ख लिहिला आणि गाडी अडली. बदलल्यावर झालं. मान्य, हे सुंदर आहे.

एक माझ्याकडून, रामबागवालीसाठी. स्ट्रेस आणि स्ट्रेन जोडणारा हूकचा नियम सगळ्या दिशांना सारख्या पदार्थासाठी असा लिहितात (लॅम्डा आणि म्यू हे पदार्थाचे दोन स्थिरांक):

स्ट्रेस[कख] = लॅम्डा डेल्टा[कख] स्ट्रेन[गग] + २ म्यू स्ट्रेन[कख]

मी याच्याकडे आज पहिल्यांदा नीट बघितलं. क आणि ख सारखे घेतले की डेल्टा जागा होतो आणि आकारमानातला बदल, स्ट्रेन[गग], मधे येतो. वेगळे घेतले की डेल्टा शून्य, उरतं फक्त २ म्यू स्ट्रेन. म्हणजे शिअरने आकारमान बदलत नाही, हे त्या एका डेल्टात लिहिलेलं आहे. माझ्या सहा बाय सहाच्या मॅट्रिक्समध्ये खालच्या बाजूला जी शून्यं भरलेली असतात ती इथून येतात. मी ती इतकी वर्षं नुसती भरत होतो. आणि म्यू जवळचा २ तोच, ज्याने मला चार दिवस बसवलं होतं.

कान्हकाठ
काका, अजून एक मोजणी. स्ट्रेस आणि स्ट्रेन यांना जोडणाऱ्या टेन्सरला चार पादांक, म्हणजे ३ चा चौथा घात, ८१ घटक. स्ट्रेस आणि स्ट्रेन दोन्ही सममित, म्हणून ३६. साठलेल्या ऊर्जेमुळे अजून सममिती येते आणि २१ उरतात. पदार्थ सगळ्या दिशांना सारखा असेल तर फक्त २, तुमचे लॅम्डा आणि म्यू.

रामबागवाली
मंडळी, तीन दिवस गप्प होते कारण कागदावर बसले होते. मल्हारगंज वहिनींचं बिल समोर ठेवून सुरुवात केली. सरांनी सांगितल्याप्रमाणे वर्गाची नऊ पदं हाताने लिहिली. मग तीच दोन अक्षरांत लिहिली. मग तिलकनगर काकांनी विचारलं तशी एक गोष्ट स्वतःहून शोधायचा प्रयत्न केला.

वर्गात सांगितलं होतं की अक्ष कसेही फिरवले तरी स्ट्रेसच्या कर्णावरच्या तीन घटकांची बेरीज तीच राहते. मी ते पाठ केलं होतं. काल कान्हकाठ यांचा रूपांतराचा नियम घेतला आणि ख च्या जागी क ठेवला:

त'[कक] = र[कग] र[कघ] त[गघ]

र[कग] र[कघ] याची क वर बेरीज केली की डेल्टा[गघ] येतो, कारण फिरवण्याच्या मॅट्रिक्सचे स्तंभ एकमेकांना काटकोनात आणि एकक लांबीचे. मग:

त'[कक] = डेल्टा[गघ] त[गघ] = त[गग]

आधी विश्वास बसेना. म्हणून ३० अंशांची खरी मॅट्रिक्स घेऊन आकडे टाकले, दीड पान झालं, बेरीज तीच आली. मग आईला हाक मारून दाखवलं. तिला गणित कळत नाही, पण ती म्हणाली की दीड पान आणि दोन ओळी एकच सांगत असतील तर मला दोन ओळी दाखव.

सिग्मा मनात लिहिता का, असं मी विचारलं होतं. पहिले दोन दिवस लिहिला. आता जोडी दिसली की हात आपोआप धरले जातात. अजून एप्सिलॉनमध्ये चिन्ह चुकतं, तिथे १२३ चं वर्तुळ कोपऱ्यात काढून ठेवते.

वही_जुनी
वर्तुळ काढत राहा, मी अजूनही काढतो. आता मला सांग, डेल्टा[कख] डेल्टा[कख] किती? आकडे न टाकता.

सराफा_रात्री
९? नऊ पदं आहेत ना.

रामबागवाली
३. पहिला डेल्टा दुसऱ्याचा क बदलून ख करतो, उरतं डेल्टा[खख], म्हणजे १ + १ + १. नऊ पदं आहेत खरी, पण त्यातली सहा शून्य.

वही_जुनी
बरोबर. आता एप्सिलॉन[कखग] एप्सिलॉन[कखग] कर, आणि उद्या लिही.